लॅपटॉपखाली तुमचे हात

मामा, तुमचा तेरावा होऊन चार दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर संशय घेते आहे. भेटायला आलेल्या प्रत्येकानं तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं. मी चहाचे कप गोळा करत सगळ्यांमधून फिरत होते, मान हलवत होते, एकदोनदा रडलेही. पण मनात एकच प्रश्न ठाण मांडून बसला होता. पाच-सहा महिन्यांपूर्वी त्या दुपारी माझ्या लॅपटॉपखाली तुमचे हात काय करत होते?

माझा स्वभाव तुम्हाला नव्यानं सांगायला नको. दूध पातळ लागलं की दूधवाल्याला, सिलिंडर लवकर संपला की तो आणून देणाऱ्याला आणि धुण्यातून एक मोजा कमी निघाला की घरातल्या सगळ्यांना उभं करणारी मी. लग्न होऊन पुंडलिकनगरच्या या घरात आले त्याच आठवड्यात तुम्ही माझं नाव ठेवलंत. फ्रिजमधली कोथिंबीर कुणी संपवली याची मी चौकशी करत होते आणि तुम्ही पेपराच्या आडून म्हणालात, "प्रकाश, जपून ऱ्हा रं बाबा. आपल्या घरात फौजदारीणबाई आल्यात." सासऱ्याला मामा म्हणायची आपल्याकडची रीतच आहे, त्यात माझं काही विशेष नाही. पण त्या दिवसापासून मी मामा म्हणायचे ते मनापासून. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

तुमच्यासमोर मी प्रकाशला अहो-जाहो करायचे. आता तुम्ही ऐकायला नाही, म्हणून इथं 'तो' म्हणते. रागावू नका.

मी घरी बसून घरांची चित्रं करते, हे तुम्ही आल्यागेल्याला किती कौतुकानं सांगायचात. बिल्डरकडून नकाशा येतो आणि न बांधलेलं घर मला बांधल्यासारखं दाखवायचं असतं. खिडकीतून ऊन आलं पाहिजे, सोफ्यावर उशी हवी, गॅलरीत तुळस हवी. एकेक चित्र तयार व्हायला लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड चाळीस चाळीस मिनिटं राबतं आणि मी समोर गालावर हात ठेवून बसते. तुम्ही रिटायर होऊन घरी राहायला लागलात तेव्हा तुमचं पहिलं लक्ष गेलं ते त्या पंख्याच्या आवाजाकडे. शेंद्र्याच्या कारखान्यात सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस, घरातलं कुठलंही यंत्र जरा कण्हलं की तुमचे कान टवकारायचे.

"ह्याला ताप येतो का गं?"

"येतो की. सगळ्यांनाच येतो."

"किती?"

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं रोज वापरते त्या मशीनचा ताप मला माहीत नाही, हे तुमच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पुढचे पंधरा दिवस तुम्ही फोनवर कसले कसले व्हिडिओ मोठ्या आवाजात लावून बघत बसलात. आणि एक दिवस चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, "पोरी, ह्या कार्डात अजून दम हाय. कंपनीनं जरा हात राखूनच सोडलेलं असतंय. ओव्हरक्लॉक करू का, म्हंजी गती वाढवू का? सबागतीनं, एकेक पायरी."

माझ्या डोक्यात लगेच पाल चुकचुकली. म्हातारपणी हौस सुचली आहे आणि खेळायला माझाच लॅपटॉप सापडला आहे, असं मला वाटलं. मी दहा अटी घातल्या. मी समोर असेन तरच करायचं, काम हातात असताना करायचं नाही, काही बिघडलं तर आधी मला सांगायचं. तुम्ही प्रत्येक अटीला "व्हय बाई" म्हणालात. इतक्या पटकन कबूल होणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही.

पण कबूल करते, तुमची पद्धत चोख होती. आधी मागचं झाकण उघडून ब्रशनं पंखे साफ केलेत. मग सागवानाचे दोन ठोकळे घासून आणलेत आणि लॅपटॉपची मागची बाजू त्यांच्यावर टेकवलीत, खालून वारा मिळावा म्हणून. चार्जर लावल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. मग काहीच न वाढवता माझं एक जुनं चित्र परत करायला लावलंत आणि ताप कुठपर्यंत जातो ते लिहून ठेवलंत. "धडधाकट असताना किती असतो ते आधी माहीत पायजे. नायतर बिघडल्यावर कशावरून वळखायचं?" त्यानंतर सॉफ्टवेअरमधला कार्डाच्या गतीचा स्लायडर पंचवीसनं पुढे. वीस मिनिटं चित्र चालू द्यायचं, ताप बघायचा, चित्रात ठिपके उमटतात का बघायचं, आणि सगळं नीट असेल तर आणखी पंचवीस. मेमरीचा स्लायडर वेगळा असतो, तो त्याच दिवशी हलवायचा नाही. "दोन नट एकदम फिरवले तर कुठला सैल झाला ते कसं कळंल?" व्होल्टेजकडे बघायचंही नाही. पंच्याऐंशीच्या वर ताप गेला की थांबायचं. आणि लॅपटॉप सुरू होताना वाढीव गती आपोआप लागू करणारी एक चौकट असते, तिच्यात खूण करायची नाही म्हणजे नाही. बंद करून चालू केलं की मशीन कंपनीच्या मूळ गतीवरच आलं पाहिजे, यावर तुम्ही ठाम होतात.

पडद्यावर तापाचा आकडा दिसत असतानाही तुम्ही मागच्या जाळीजवळ बोटांची पाठ धरून बसायचात. तुमचं लहानपण दौलताबादच्या किल्ल्याखाली मेंढ्यांमागे गेलेलं, आणि कोकराचा कान असाच बोटांच्या पाठीनं बघायची सवय हाताला लागलेली. मी एकदा चिडवलं, "मामा, समोर आकडा आहे की." तुम्ही म्हणालात, "आकडा त्याचं काम करंल, हात हाताचं करंल." मला ते पटलं होतं, पण मी तसं दाखवलं नाही.

एकशे पंच्याहत्तरला चित्रातल्या भिंतीवर हिरवे ठिपके उमटले आणि पडदा एकदम काळा झाला. नेमका त्याच वेळी प्रकाश कामावरून आला. उन्हातून आलेला, हातात हेल्मेट, त्यात नळाला त्या दिवशीही पाणी आलेलं नव्हतं. त्यानं एकदा काळ्या पडद्याकडे बघितलं, एकदा आपल्या दोघांकडे. "काय चाललंय हे? एवढं सांभाळता येत नसंल तर बंद कर ते काम अन् सरळ नोकरी बघ एखादी." आणि आत निघून गेला. मिनिटभरात लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, काहीसुद्धा झालेलं नव्हतं. तुम्ही आधीच सांगितलं होतं की असं होणार आणि झालं की एक नाही, दोन पायऱ्या मागे यायचं. तुम्ही एकशे पंचवीसवर आलात, वहीत लिहिलंत. पण प्रकाश ज्या दारातून गेला त्या दाराकडे तुम्ही बराच वेळ बघत होतात. मला वाटलं, प्रयोग फसल्याची लाज वाटते आहे.

शेवटी एवढ्या खटाटोपातून निघालं काय? चाळीस मिनिटांचं चित्र छत्तीस मिनिटांत व्हायला लागलं. मी हसले. चार मिनिटांसाठी एवढा जीव टांगणीला लावायचा?

"चार मिंटं तुला कमी वाटतेत व्हय?"

"चार मिनिटांत होतं काय, मामा?"

"चा होतो."

हा वाद आपण निदान वीस वेळा घातला असेल. तुमचं म्हणणं, मशीनला त्रास न होता जे मिळतंय ते का सोडायचं. माझं म्हणणं, जे नीट चाललंय त्याला डिवचायचं कशाला. दोघांपैकी कुणीही माघार घेतली नाही. आता तो वाद तसाच लोंबकळत राहिला आहे आणि चहा करताना मी घड्याळाकडे बघते. साडेचार मिनिटं लागतात, मामा, आलं किसायचं असेल तर पाच.

मग ते सहा बंगल्यांचं मोठं काम आलं. मी तुम्हाला सांगितलं, आता सगळं होतं तसं करा, मला धोका नको. तुम्ही दुखावलात, ते मला दिसलं. तरी स्लायडर शून्यावर आणलात आणि म्हणालात, "केलं मूळ गतीवर, फौजदारीणबाई. सही करून देऊ का?" त्या वेळी मी भाजी फोडणीला टाकत होते, वळून बघितलं नाही. आणि जे मी डोळ्यांनी बघितलेलं नाही ते माझ्या मनात पक्कं बसत नाही.

त्यानंतर आठवडाभर तुम्ही दौलताबादला गेलात. भावकीतल्या मेंढ्या कातरायच्या होत्या आणि तुम्ही गेल्याशिवाय तिथल्या कुणालाच कात्री धरता येत नाही असा तुमचा समज होता. इथं कडाक्याची थंडी पडली होती. काम द्यायचा दिवस उजाडला आणि सकाळपासून लॅपटॉप आपोआप बंद पडायला लागला. तापायचा, बंद व्हायचा, मी पुन्हा बटण दाबायची. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा सुरू केला, चित्र लावलं आणि बिल्डरला थोडी मुदत मागायला फोन घेऊन गच्चीवर गेले, कारण घरात रेंज येत नव्हती. खाली आले तर तुम्ही आलेले. दारात पेरूची पिशवी, खांद्यावर घोंगडी, आणि दोन्ही हात माझ्या लॅपटॉपखाली. पडदा काळा.

"हात काढा आधी!" मी ओरडले. सासऱ्यावर असं ओरडेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुम्ही हात काढलेत. लॅपटॉप ठोकळ्यांवर नीट टेकलेला होता. मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. तो उठला नाही. "सकाळपासून चार वेळा बंद पडला, चारही वेळा चालू केला, आता उठतही नाही," मी म्हणाले.

"म्या काय केलं नाय, पोरी."

एवढंच बोललात. माझी मात्र पूर्ण केस तयार होती. मूळ गतीवर आणलं हे खोटं, जाताना गुपचूप गती वाढवून ठेवली होतीत, म्हणून आठवडाभर मशीन तापत होतं, आणि आता आल्या आल्या खाली हात घालून काहीतरी सारवासारव चालली होती. रंगेहाथ पकडलं म्हणतात तसं मी तुम्हाला पकडलं होतं. संध्याकाळी मी प्रकाशला सांगितलं, मामांनी लॅपटॉप जाळला. तो तुम्हाला वाट्टेल ते बोलला. या वयात कशाला नसते उद्योग, जमत नाही तर हात कशाला लावता. आख्ख्या नोकरीत एक मोटर जळू न दिलेला माणूस खाली मान घालून ऐकत होता, आणि ती खाली घातलेली मान हाच मला कबुलीजबाब वाटला.

दुरुस्तीला लॅपटॉप तुम्हीच घेऊन गेलात, पैठण गेटजवळ तुमच्या ओळखीच्या इर्शादभाईंकडे. मला त्यातही काळंबेरं दिसलं. आठ दिवसांनी लॅपटॉप ठणठणीत होऊन परत आला. बिल्डरनं मुदत दिली होती, काम पोचलं आणि पुढे बंगल्यांचं दुसरं कामही त्यानंच दिलं. मी पासवर्ड बदलला. नुसता बदलला नाही, तुमच्या देखत बदलला, तुम्हाला दिसेल असा. त्यानंतर पाच महिने आपण बोललो ते एवढंच: "जेवायला वाढलंय", "गोळी घेतली का", "येतो जाऊन". तुम्ही पेपर वाचत बसायचात. पंख्याचा आवाज वाढला तरी मान वर करत नव्हतात.

आणि मग एका दुपारी पेपर मांडीवर असतानाच तुम्ही गेलात. त्याबद्दल मला इथं काही लिहायचं नाही.

मला लिहायचं आहे ते दहाव्याला ऐकलेल्या वाक्याबद्दल. तुम्ही माझे मामा, प्रकाशचे आबा आणि गावाकडच्यांचे तात्या. दौलताबादहून आलेले थोरले काका कुणाला तरी सांगत होते, "शेवटी शेवटी तात्याचा हात गेला होता. सुनेचं मशीन जाळलं म्हणं त्यानं." ऐकणारे हळहळले. हे वाक्य बाहेर गेलं होतं ते माझ्याच तोंडून. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. मी बरोबर असेन तर ठीक. पण मी चुकले असेन तर तुमच्या आयुष्यभराच्या कामाला जाता जाता बट्टा मी लावला होता.

म्हणून परवा तुमची पेटी उघडली ती आवरायला नाही. तपासायला.

वही वरच होती, दोनशे पानी, शाळेच्या पोरांची असते तशी. कारखान्यात प्रत्येक मोटरची असायची तशी तुम्ही माझ्या लॅपटॉपची नोंदवही ठेवली होतीत. तारीख, वाढ, ताप, पंख्याचा आवाज, किती वेळ, आणि शेवटी शेरा. बहुतेक ठिकाणी शेरा 'ठीक'. एका ठिकाणी 'ठिपके. दोन पायऱ्या मागे'. एका ठिकाणी 'चित्र झाक आलं. पोरगी गुणगुणत होती'. मला ते वाचून रडू आलं, मग रडू आल्याचा राग आला. पुढे शेवटची नोंद: 'वाढ शून्य. सुनेच्या सांगण्यावरून. शेरा: वाईट वाटलं, पण मशीन तिचं'.

त्यापुढचं पान फाडलेलं होतं. नीट, पट्टी धरून.

मामा, तुम्हीच सांगा, माझ्या जागी कुणाला काय वाटलं असतं? ज्या माणसानं वहीत खाडाखोडसुद्धा एका रेघेनं केली, त्यानं एक आख्खं पान फाडलं. डोळे पुसले आणि तशीच रिक्षा करून इर्शादभाईंच्या दुकानात गेले. यंत्राविषयी तुम्ही पोटातलं बोलाल असा या शहरात तो एकच माणूस होता.

मला बघून ते उभे राहिले. "आओ भाभी, बैठो. मामा गये, मेरा तो उस्ताद गया."

मी बसले नाही. "माझा लॅपटॉप कशानं जळाला होता? खरं सांगा."

ते घुटमळले. "अब जाने दो ना भाभी. हो गया सो हो गया."

"गती वाढवल्यामुळे ना?"

"नक्को भाभी, ऐसा नक्को बोलो उनको," ते एकदम म्हणाले आणि उठून भिंतीवरच्या तारेत खोवलेल्या जुन्या चिठ्ठ्या चाळायला लागले. दुरुस्तीच्या चिठ्ठीला टाचणीनं तुमचं पान लावलेलं होतं. तेच रकाने, तेच अक्षर. 'वाढ शून्य. मशीन मूळ गतीवर. ठोकळे काढलेले. खाली घोंगडी. चार वेळा तापून बंद, चार वेळा परत चालू. पाचव्यांदा बंद'. आणि शेरा: 'घरात सांगू नये'.

"पंख्यात लोकर होती भाभी. ये इत्ती." त्यांनी मूठ दाखवली. "दोन्ही पंखे जाम. घोंगडी खाली, मग हवा कुठून मिळनार? और चार बार गरम का गरम चालू किया. बोर्डावरचा एक पार्ट उडला. कार्ड को कुछ नहीं हुआ था. मामा को मैं बोला, भाभी को समझा देता हूँ. तो हात पकड लिये मेरा."

घोंगडी मी घातली होती, मामा. तुम्ही गावाला गेलात त्याच दिवशी. टेबलाची काच गार पडायची, मनगटं बधिर व्हायची, म्हणून ते ठोकळे काढून तुमच्या खाटेवरची घोंगडी चौपदरी करून मी लॅपटॉपखाली घेतली. आपल्या घरात आजारी माणसाखाली घोंगडी, पाहुण्याखाली घोंगडी, तान्ह्या लेकराखाली घोंगडी. लॅपटॉपखाली घातली तर काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही. आठवत नव्हतं असं नाही. ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नाही. आणि मी गच्चीवरून खाली आले तेव्हा ती तुमच्या खांद्यावर होती, जशी नेहमी असायची.

म्हणजे तुमचे हात माझी चूक उचलत होते. दारातून आलात, बघितलंत, पिशवी टाकलीत आणि घोंगडी काढून ठोकळे जागेवर सरकवलेत.

"पण का?" मी इर्शादभाईंना विचारलं. त्यांनी तुमच्याच बोलीत सांगितलं, जसंच्या तसं. "म्हणाले, माझ्यावर गेलं तर पोरगं दोन दिस बडबडंल अन् गप बसंल. तिच्यावर गेलं तर तिचं काम बंद करंल. म्या माझ्या कानानं ऐकलंय."

मी तिथं स्टुलावर बसले. त्यांनी पाणी दिलं. मला तो काळा पडदा आठवला, हेल्मेट हातात घेतलेला प्रकाश आठवला, आणि दाराकडे बघणारे तुम्ही.

तुमचे उपकार मानायचे आहेत, मामा. मानते. माझ्या आईबापांनी माझ्यासाठी जेवढं सोसलं तेवढंच तुम्ही सोसलंत, आणि तेही तोंडातून ब्र न काढता. पण माझा स्वभाव काही तुमच्याबरोबर गेलेला नाही. पाच महिने मी तुमच्यापुढे ताट आदळलं, तुम्ही मुकाट जेवलात. मी पासवर्ड बदलला, तुम्ही बघत राहिलात. खरं तुमच्या खिशात होतं आणि मी खोट्यावर उड्या मारत होते. त्यात तुम्हाला थोडीशी मजा येत होती का? फौजदारीणबाई कशा फसल्या म्हणून? येत असेल तर बरंच होईल, कारण मग मला तुमच्यावर थोडं रागावता येईल. नुसतं रडण्यापेक्षा मला ते सोपं जातं.

नाहीतरी मला राग आहेच. तुम्ही भांडायला हवं होतं. मोटर न जाळणाऱ्या माणसानं मोटर जाळल्याचा आळ असा निमूटपणे घ्यायचा नसतो. 'गप गं, घोंगडी कुणी घातली होती?' एवढं एकदा दरडावला असतात तर मी तुमच्या पाया पडले असते आणि संध्याकाळपर्यंत आपण पुन्हा चार मिनिटांवरून भांडत बसलो असतो.

काल जेवताना मी प्रकाशला सगळं सांगितलं. घोंगडी, लोकर, चार वेळा दाबलेलं बटण, फाडलेलं पान, काही लपवलं नाही. पान त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. सांगताना माझा घास हातातच राहिला होता, कारण मी त्या वाक्याची वाट बघत होते. आता म्हणेल, बंद कर ते काम.

तो पान वाचत राहिला. मग इर्शादभाईंनी सांगितलेलं मी त्याला सांगितलं, तुमच्याच शब्दांत. त्यानं मान वर केली.

"म्या असं बोललो होतो?"

"बोलला होतास. हेल्मेट हातात होतं."

"मला आठवत बी नाय गं."

खरंच आठवत नव्हतं त्याला. मी बारकाईनं बघितलं त्याच्याकडे, तुम्हाला माहीत आहे मी कशी बघते. उन्हातून आलेल्या माणसानं तोंडाला येईल ते बोलावं तसं तो बोलला होता आणि आत जाऊन हातपाय धुवेपर्यंत विसरलाही होता. फक्त तुम्ही विसरला नाहीत.

"म्हंजी आबा माझ्या भ्यानं गप बसले," तो म्हणाला. ताट सरकवून उठला आणि मोरीत तोंडावर पाणी मारत राहिला, किती तरी वेळ. परत आला तेव्हा डोळे लाल होते. "सकाळी काकांना फोन लावतो. आबानं काय जाळलं नव्हतं म्हणून सांगतो. सगळ्यांना सांगतो." आणि थोड्या वेळानं, अंथरूण घालताना, "तुझं ते बंगल्यांचं दुसरं काम कधी द्यायचंय?" एवढं विचारलं. बस, एवढंच.

तुम्ही असतात आणि त्याच दिवशी त्याला खरं कळलं असतं, तर तो असाच वागला असता का, याची खात्री मी देत नाही. संशयाला जागा आहे. माणूस गेल्यावर शहाणपण सगळ्यांनाच येतं, मलाही आलं आहे. पण ज्या वाक्याच्या धास्तीनं तुम्ही पाच महिने सुनेच्या शिव्या खाल्ल्यात, ते वाक्य काल आलं नाही, मामा. तुम्ही पोटच्या पोरावर संशय घेतलात आणि तो संशय मनात ठेवूनच गेलात. तुम्ही त्याला एकदा विचारायला हवं होतं.

आणि मी तुम्हाला.